झपाटलेल्या घराचा नकाशा

मराठीतला ‘नकाशा’ हा शब्द फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचे मूळ अरबीतल्या ‘नक्श’मध्ये आहे. नक्श म्हणजे कोरणे, रेखाटणे, ठसा उमटवणे. याच मुळापासून आपली नक्षी आली, नक्काश आला आणि तावीजात घडी करून ठेवला जाणारा नक्शही आला. म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातला जमिनीचा कागद आणि घरातला असर उतरावा म्हणून दाराच्या चौकटीला लावलेला कागद ही एकाच शब्दाची लेकरे आहेत. एका कागदावर जे मोजता येते ते असते, दुसऱ्यावर जे डोळ्यांना दिसत नाही ते.

या दोन कागदांमधले नाते तपासण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी आम्ही डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्यातले दोन तालुके निवडले आहेत. तेथील वारली घरांच्या भिंतींवर लग्नाच्या वेळी जो चौक लिहिला जातो तो सर्वांना चित्र म्हणून ठाऊक आहे. आमच्या मते तो एका घराचा नकाशाही आहे आणि त्या घरात अदृश्य शक्तींना त्यांची त्यांची जागा नेमून दिलेली आहे. हा मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून सुरुवात जरा दूरवरून, एका परदेशी खेळापासून करू.

खेळातले घर

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. प्रत्येक जण एका पात्राचे सोंग घेतो. एक जण सूत्रधार असतो व गोष्ट त्याच्या हाती असते. फासे टाकून पात्रांचे बरेवाईट ठरते. या खेळाचा सर्वांत जपून ठेवण्याचा भाग म्हणजे सूत्रधाराने चौकटींच्या कागदावर हाताने काढलेला नकाशा. एक चौकट म्हणजे बहुधा दहा फूट. भिंत, दार, जिना, तळघर, चोरदरवाजा यांच्या ठरलेल्या खुणा असतात. प्रत्येक खोलीला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकापुढे खोलीत काय आहे, कोण दबा धरून आहे, हे वेगळ्या कागदावर लिहिलेले असते. खेळणाऱ्यांना हा नकाशा दाखवत नाहीत. ते विचारत, चाचपडत पुढे जातात आणि सूत्रधाराच्या तोंडून ऐकलेल्या वर्णनावरून स्वतःचा नकाशा काढत राहतात.

या खेळांत झपाटलेल्या घराला लवकरच मानाचे स्थान मिळाले. १९७७ साली बॉब ब्लेडसॉ यांचा ‘टेगेल मॅनर’ आला. त्यात एका भुताटकीच्या वाड्याच्या शेकडो खोल्या आखलेल्या होत्या. १९८३ च्या ‘रेव्हनलॉफ्ट’मध्ये ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांनी एका शापित उमरावाचा किल्ला रचला. डेव्हिड सदरलँड यांनी त्याचे नकाशे असे काढले की जिने, मजले आणि मनोरे एकावर एक उभे दिसावेत. आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र अधिक महत्त्वाचे आहे ते १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या खेळातले, पुढे ‘द हाँटिंग’ या नावाने प्रसिद्ध झालेले कथानक. बॉस्टन शहरात एक घर आहे. त्यात भाडेकरू टिकत नाहीत, म्हणून मालक खेळाडूंना चौकशीचे काम देतो. शहाणा खेळाडू सरळ घरात शिरत नाही. आधी तो जुनी वर्तमानपत्रे चाळतो, सरकारी दप्तर उघडतो, घर पूर्वी कोणाचे होते, शेजाऱ्यांनी कोणावर दावा लावला होता, कोणाला कोठे पुरले, हे शोधतो. तळघरातल्या भिंतीमागे काय दडले आहे याचा पत्ता त्याला कागदपत्रांतून लागतो.

खेळ करमणुकीचा आहे, पण त्यामागची समजूत जुनी आहे. घर झपाटते ते त्या घराच्या इतिहासामुळे. कोणीतरी मेलेले असते, फसवले गेलेले असते किंवा घालवून दिलेले असते आणि त्याचा हिशेब राहून गेलेला असतो. झपाटलेल्या घराचा नकाशा काढणारा त्या राहून गेलेल्या माणसासाठी एक खोली राखून ठेवतो.

पटावरची घरे

आपल्याला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. मराठीत पटावरच्या चौकटीला ‘घर’ म्हणतात. बुद्धिबळाच्या पटावर चौसष्ट घरे असतात, सोंगटी घरात बसते, मरते, पुन्हा घरी येते. हाताने पट आखून त्यावर माणसाच्या आत्म्याचा प्रवास मांडण्याची रीत आपल्या देशात शतकानुशतके आहे. उत्तरेत तिला ज्ञान-चौपड म्हणतात, महाराष्ट्रात मोक्षपट. मोक्षपटाचे श्रेय परंपरा संत ज्ञानेश्वरांना देते. घराघरांत गुण-दुर्गुणांची नावे लिहिलेली असतात. शिडी वर नेते, साप खाली ओढतो. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो आपल्या मुलांसाठी नेला आणि त्यातली मोक्षाची वाट गाळून सापशिडी तेवढी ठेवली.

या पटाचे एक सूफी रूपही आहे. त्याचे नाव ‘शतरंज-अल-आरिफीन’, म्हणजे आत्मज्ञान्यांचे बुद्धिबळ. त्याचे श्रेय इब्न अरबींना दिले जाते. अर्थात हे श्रेयही ज्ञानेश्वरांच्या मोक्षपटासारखे श्रद्धेचे आहे, पुराव्याचे नव्हे. दहा-दहा घरांच्या दहा ओळी आणि सर्वांत वर ईश्वरी सान्निध्याचे स्थान, अशी त्याची मांडणी. अहंकाराच्या घरातून साप खाली नेतो, प्रेमाच्या आणि सचोटीच्या घरांतून वाट वर जाते. वैष्णव, जैन आणि सूफी या तिघांनी एकच आखणी घेऊन आपापल्या शब्दांनी तिची घरे भरली. सामासिक संस्कृतीबद्दल आपण सभा-संमेलनांत पुष्कळ बोलतो. तिचा इतका साधा आणि हातात धरता येण्यासारखा पुरावा क्वचित मिळतो.

तावीजाचा नक्श हाही घरांचाच पट. तीन ओळी, तीन रकाने, एक ते नऊ आकडे; कोणत्याही बाजूने बेरीज केली तरी पंधराच. इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी आपल्या आत्मकथनात या चौकटीचा उल्लेख केला आहे. अडलेल्या बाळंतिणीसाठी लोक ती वापरतात, असे ते नोंदवतात. अनेक उलेमांना तावीज मान्य नाही. तो वाद आम्ही येथे उकरून काढत नाही. पाहण्यासारखी गोष्ट एवढीच की माणसाला अदृश्याची भीती वाटली की तो एक चौकट आखतो आणि ज्याला आकार नाही त्याला त्या चौकटीत घर देतो.

कुडाच्या भिंतीवरचे घर

आता डहाणू-तलासरीकडे वळू. वारली घराची भिंत कारवीच्या कुडाची. तिच्यावर शेणमातीचा लेप आणि वर गेरूचा हात. पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा. काडीचे टोक चावून मऊ केले की झाली लेखणी. लग्न ठरले की घरातल्या अंधाऱ्या भिंतीवर सवासिनी चौक लिहितात. ‘काढतात’ असे न म्हणता ‘लिहितात’ म्हणण्याची तेथे रीत आहे आणि ती आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे गाणी म्हणणारी जाणती स्त्री. म्हणजे लिहिणाऱ्याही स्त्रिया आणि लग्न लावणारीही स्त्रीच.

लग्नचौकाची रचना घरासारखी आहे. बाहेरून आत जाताना नक्षीच्या पट्ट्यांमागून पट्ट्या लागतात. त्रिकोणांची, ठिपक्यांची, साखळीची अशी ती कुंपणेच. आतल्या मोकळ्या चौकोनात पालघाट देवी उभी असते. पालवीने भरलेला घट, असा तिच्या नावाचा अर्थ लावला जातो. ती झाडांची, सुफलतेची देवी. तिच्या आसपास चंद्र, सूर्य, फणी, शिडी असतात. चौकाबाहेर झाडे, जनावरे, नाचणारी माणसे. माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. शेजारी दुसरा, लहान चौक असतो. तो देवचौक. त्यात पंचशिऱ्या देव असतो. बहुधा तो घोड्यावर असतो, त्याला शिर नसते आणि मानेतून धान्याचे पाच कोंब फुटलेले असतात.

येथे थोडे थांबावे लागते. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंग यांनी १८२० साली बिनमुंडक्याच्या घोडेस्वाराची गोष्ट लिहिली आणि तेव्हापासून पाश्चात्त्य भयकथेत तो स्वार माणसांचा पाठलाग करत आहे. खेळातल्या नकाशांतही तो भूत म्हणूनच येतो. वारल्यांच्या भिंतीवर तसाच स्वार लग्नाचा सन्माननीय पाहुणा आहे. त्याच्या तुटलेल्या मानेतून कणसे उगवतात. जे भयंकर आहे त्याला हाकलून न देता त्याच्यासाठी वेगळी चौकट आखायची, त्याला त्याची जागा द्यायची, ही या नकाशाची रीत आहे.

ही जागा भिंतीपुरती नाही. गावाच्या सीमेवर वाघदेव असतो. लाकडावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेला. रानात, शेतात, घरात निरनिराळ्या देवांची ठिकाणे आहेत. हिरवा आहे, हिमाय आहे, पावसाचा नारनदेव आहे, धान्याची कणसरी आहे. कोणी आजारी पडला तर भगत दाणे पाहतो आणि कोण रुसले आहे ते सांगतो. हे सगळे एकत्र केले तर डहाणू-तलासरीच्या रानाचा एक पूर्ण नकाशा तयार होतो. तो कागदावर नव्हता, पण गावातल्या प्रत्येकाला पाठ होता.

दुसरा नकाशा

याच भूमीवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारची जमीन मोजणी झाली. साखळ्या आल्या, दगड रोवले गेले, प्रत्येक तुकड्याला क्रमांक मिळाला. जमीन नावावर करता येऊ लागली, तशी ती विकता आणि गहाणही टाकता येऊ लागली. सारा रोखीने भरायचा आणि रोख पैसा फक्त सावकाराकडे. रान सरकारजमा झाले. पिढ्या-दोन पिढ्यांत बहुतेक वारली आपल्याच जमिनीवर कूळ झाले. जमीनदार-सावकारांत हिंदू होते, पारशी होते आणि मुसलमानही होते. हे शेवटचे वाक्य आपल्या वार्षिकात आपणच लिहिले पाहिजे. शोषणाला धर्म नसतो असे आपण म्हणतो. मग त्या वाक्यातून आपल्या माणसांना वगळता येणार नाही.

या व्यवस्थेतला सर्वांत क्रूर शब्द म्हणजे ‘लग्नगडी’. तरुण वारली लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेई आणि त्या बदल्यात त्याचा गडी होई. कर्ज फिटत नसे. त्याच्यासोबत त्याची बायकोही राबे. डेव्हिड सिमिंग्टन यांनी मुंबई सरकारसाठी १९३८ साली आदिवासींच्या स्थितीचा जो अहवाल तयार केला, त्यात सरकारी अधिकाऱ्याच्याच हाताने ही वेठबिगारी नोंदली गेली.

आता हे दोन कागद शेजारी ठेवून पाहा. ज्या लग्नासाठी सवासिनींनी भिंतीवर पालघाटीचे घर लिहिले, त्याच लग्नासाठी नवऱ्याने सावकाराच्या वहीवर अंगठा उमटवला. अंगठा हाही नक्शच, म्हणजे ठसाच. एका नक्शाने घर उभे केले आणि दुसऱ्याने ते गहाण टाकले. चौकात देवीला, स्वाराला, झाडाला, मुंगीलाही जागा होती. मोजणीच्या नकाशात ज्याने जमीन कसली त्यालाच जागा नव्हती. परदेशी खेळाच्या भाषेत सांगायचे तर घर येथे झपाटले. आधीच्या रहिवाशाचे नाव दप्तरातून पुसले गेले, पण तो गेला नाही. तो तेथेच, बांधावर, वाकून भात लावत होता.

त्या माणसाला पुन्हा ताठ उभे करण्याचे काम शामराव व गोदावरी परुळेकर आणि किसान सभेने केले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, असे त्यांनी ठरवले. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते, आता तलासरीत आहे. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलासरीजवळ तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण त्यात मारले गेले. या लढ्याची हकीकत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात सांगितली. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वेठ आणि लग्नगड्यांची गुलामी मोडली. पुढे १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली तेव्हा आणखी एक रेघ याच मुलखातून गेली. उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरी महाराष्ट्रात राहिले. रेघेच्या दोन्ही बाजूंना चौक मात्र तोच लिहिला जात राहिला.

भिंतीवरून कागदावर

१९७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने या मुलखात येऊन वारल्यांच्या हाती कागद दिला. त्यामागे पुपुल जयकर आणि अखिल भारतीय हस्तकला मंडळाची प्रेरणा होती. डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) हे त्या कागदावरचे सर्वांत मोठे नाव. लहानपणी आई गेल्यावर त्यांचे बोलणे थांबले होते आणि मातीत रेघा ओढून ते आपले म्हणणे सांगत, असे त्यांच्याविषयी नमूद आहे. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. चौक स्त्रियांचा होता, कागद बहुतांशी पुरुषांचा झाला. हा बदलही इतिहासात नोंदला पाहिजे.

जिव्यांची मोठी चित्रे पाहिली की नकाशाची आठवण होते. वरून पाहिल्यासारखे शेत, त्यात कुडाची घरे, वाटा, विहिरी, नदीत पसरलेले जाळे, तारपा वाजवणाऱ्याभोवती वळसे घेणारा नाच. भूत, देव, माणूस, उंदीर सारे एकाच मापाच्या रेघेने काढलेले. खेळाचा सूत्रधार भुताला कागदावर लपवतो. येथे ते उघड्यावर, सगळ्यांमध्ये वावरते.

२०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक उपदर्शन मिळाले. त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. आज ही रेघ साड्यांवर, कपांवर, स्टेशनच्या भिंतींवर दिसते. त्यात गैर काही नाही, कारागिराला चार पैसे मिळतात. पण कपावर नाचणारी माणसे येतात आणि पालघाटीचे घर येत नाही. नक्षी आली, नकाशा मागे राहिला. सापशिडीच्या बाबतीत इंग्रजांनी जे केले, तेच आपण येथे करत आहोत.

देवाचे ठिकाण, कायद्याचा पुरावा

हा विषय आम्हाला केवळ कलेचा वाटत नाही, याचे कारण पुढे आहे. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या रान कसणाऱ्यांकडे सातबारा नव्हता. मग त्यांनी हक्क सिद्ध करायचा कसा? २००८ च्या नियमांत यासाठी पुराव्यांची यादी दिली आहे. त्यात सरकारी कागदांबरोबरच घरे, झोपड्या, बांध आहेत. शिवाय विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थाने यांसारख्या जुन्या वास्तव्याच्या खुणाही आहेत. गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन हाही पुरावा आहे.

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी मोजणीदाराने ज्या गोष्टी नकाशातून वगळल्या, त्या कायद्याने परत बोलावल्या. वाघदेवाचा लाकडी खांब आता नुसती श्रद्धा नाही, तो साक्षीदार आहे. पूर्वजांना जेथे माती दिली ती जागा मालकीच्या प्रश्नात बोलू शकते. ‘द हाँटिंग’मधल्या खेळाडूने दप्तर उघडून मृतांचा पत्ता शोधावा, तसे ग्रामसभेने आपल्या मृतांच्या आणि देवांच्या ठिकाणांवरून जिवंतांचा हक्क शोधायचा आहे.

याची निकड आजही आहे. समुद्रकिनारी वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग तलासरी-डहाणूतून जातो, मुंबई–वडोदरा महामार्गही जातो. प्रत्येक प्रकल्पाबरोबर नवा नकाशा येतो. तो उपग्रहावरून काढलेला, बिनचूक असतो. त्यात झाड मोजलेले असते, पण ते झाड कोणाचे ठिकाण आहे हे लिहिण्याचा रकाना नसतो.

मराठी मुसलमान वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी. किती गावांत कब्रस्तान जमिनीवर आहे, पण नकाशावर नाही! किती ठिकाणी एखाद्या पिराची मजार शंभर वर्षांची, पण तिचा कागद शोधताना वृद्धांच्या आठवणीशिवाय हाती काही लागत नाही. आपल्या मृतांच्या जागेसाठी आपण दप्तरे धुंडाळतो, तेव्हा वारली माणूस आपल्या शेजारच्याच रांगेत उभा असतो. ही ओळख दोघांनाही व्हायला हवी.

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. डहाणू, तलासरी आणि आसपासच्या शाळांतल्या मुलांना आपापल्या पाड्याचा नकाशा हाताने काढायला सांगावे. त्यात विहीर, वाट, शाळा यांबरोबर देवांची, पिरांची, दफनाची, आणि ज्या झाडाखालून रात्री कोणी जात नाही त्या झाडाचीही जागा दाखवावी. आजी-आजोबांना विचारून प्रत्येक जागेपुढे तिची हकीकत लिहावी, जशी खेळातला सूत्रधार खोलीच्या क्रमांकापुढे लिहितो. मुलांना त्यात खेळाचीच गोडी वाटेल. आणि पुढे कधी मोजणीची साखळी पुन्हा पाड्यावर आली, तर गावाजवळ दाखवायला स्वतःचा कागद असेल.